महागावात कोणी मोजलं?

अमरला बोलायचा सोस फार आणि ऐकायचा कंटाळा. बेबीताईंची पोराबद्दल ही जुनी तक्रार. पक्षाचं महागाव तालुक्याचं पद मिळाल्यापासून तर तो जेवतानाही माईक हातात असल्यासारखा बोलायचा. हल्ली त्यानं नवं खूळ घेतलं होतं. देशातल्या पुरुषांचे शुक्राणू घटून राहिले, त्याला सोयाबीन जबाबदार, आणि हा परदेशी कंपन्यांचा डाव. पुराव्याला मोबाइलवर टाय घातलेला एक गोरा शास्त्रज्ञ. लगेच घरातलं सोयाबीनचं तेल बंद झालं, शेंगदाण्याच्या तेलाचा पिपा आला. वावरात मात्र सोयाबीनच उभं होतं.

"मंजे जहर लोकायले विकाचं, अन् आपन शेंगदाना खावाचा," बेबीताई म्हणाल्या. अमरनं आवाज वाढवला.

तेलापुरतं असतं तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण लग्नाला सात वर्षं होऊन सून सलोनीला मूल नव्हतं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून निर्दोष ठरवलं, आणि पुढच्या वेळी नवऱ्याला आणा म्हणून बजावलं. नवरा गेला नाही. आज सकाळी त्यानं फर्मान काढलं, सलोनीनं उमरखेडला माहेरी जावं, तिथल्या वैद्याचं औषध घ्यावं, गुण आला की बघू. त्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना कळला. सलोनी आत मुकाट्यानं पिशवी भरत होती.

तेवढ्यात घनश्याम आला. अमरचा शाळेतला सोबती, आता विरोधी पक्षातला. ओसरीवर चहा आला आणि वाद पेटला. बाजूला बेबीताई सुपात तूर निवडत होत्या.

"सोयाबीन नाही रे बावा, फवारनी! तुमच्या सरकारनं त्या औषधायले परवानगी देल्ली."

"तुमच्या टायमाले देल्ली ते!"

"अन् तुया गोऱ्यानं कोनाचं मोजलं? तिकडच्यायचं. महागावात कोनी मोजलं, सांग?"

"मोजाची गरजच नाही. समद्या मर्दायचं घटलं, सिद्ध झालं."

बेबीताईंचा हात सुपातच थांबला. "समद्यायचं?"

"समद्यायचं, मा."

"तुयं बी?"

घनश्यामला हसू फुटलं. ते कसंबसं गिळून तो चपला शोधू लागला. "येतो मावशी," म्हणाला आणि निघाला.

अमरचे कान लाल झाले. "माह्यं काहून? मी सोयाबीन खातच नाही."

"तीन हप्त्यापासून. लग्नाले सात वर्सं झाली."

बेबीताईंनी सूप खाली ठेवलं आणि आत हाक मारली, "सलोनी, पिशवी रिकामी कर." मग पोराकडे वळल्या.

"आता तू आयक. हे पोरगी कुठीच जात नाही. उद्याच्या यवतमाळच्या गाडीत तू बसशीन, अन् डॉक्टरीनबाई सांगंन ते तपासून घेशीन. घटलं असंन तं इलाज करू, नसंन तं त्या गोऱ्याले कळव. देशातल्या मर्दायची फिकर कराले तू लय मोठा झाला, पन जो आपलं मोजाले घाबरते अन् बायकोले हाकलते, त्याले मी मर्दात धरत नाही."