कोपराने पाहिलेलं पाणी

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी सिंदीच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत, येशूने शिष्यांचे धुतले तसे, एकमेकांचे पाय धुतात. जोड्या चिठ्ठ्यांवर ठरतात. यंदा माझ्या चिठ्ठीत किसनरावांचं नाव निघालं. त्यांना पूर्वी कुष्ठरोग होता. बरा होऊन वीस वर्षं झाली, आता तो कोणाला लागत नाही, हे मला पाठ होतं. पण भीती कुठं पाठांतर ऐकते!

जंतू मरावेत म्हणून मी बादलीत कढत पाणी घेतलं. विचारणाऱ्यांना सांगितलं, म्हाताऱ्याचे पाय शेकले जातील. मग बोटही न लावता मगाने धार धरली. किसनराव डोळे मिटून हसत होते. मला वाटलं, झालं एकदाचं.

टॉवेल टेकवला, तर कातडी लालभडक, अंगठ्याजवळ फोड. रोगाने बधिर झालेल्या त्या पायांना चटका कळतच नाही, हे मी विसरलेच होते! घाईघाईने मी थंड पाणी ओतत सुटले. त्यांनी डोळे उघडले, आधी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता हे सगळ्यांदेखत बोलणार, म्हणून मी मान खाली घातली.

त्यांनी फोडावर टॉवेल ओढला. "बसा छायाबाई, आता माही पाळी."

त्यांचे हातही बधिर. त्यांनी नवं पाणी घेतलं, कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी मिसळलं, पुन्हा कोपर बुडवलं. मग माझे पाय हातांत घेऊन हळूच विचारलं, "चटका तं नाई लागत ना?"