मुकी घंटा

बस डेपोतून निवृत्त झालेला मिस्त्री मुलीकडे राहायला आला, त्याला वर्ष होत आलं होतं. बायको होती तोवर देवाचं खातं तिच्याकडे, याच्या नशिबी रविवारची ड्यूटी. ती गेल्यावर मात्र तो एकही खाडा न करता चर्चमध्ये मिस्साला जाऊ लागला आणि शेवटच्या बाकावर बसू लागला.

लोक चांगले होते, तीच पंचाईत होती. बाक सरकवायला हात लावला, की "पाहुणे, तुम्ही कशाला?" फुलदाणी उचलली, की "राहू द्या, पाहुणे." वेदीची व्यवस्था बघणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला सगळे 'बाई' म्हणत. मेणबत्ती वाकडी लागली, तर त्या फादरनाही भर अंगणात झापायच्या. त्यांची बोलणी न खाल्लेला माणूस त्या चर्चमध्ये एकच होता. त्याला त्या हसून "बरे आहात ना?" विचारायच्या. ते हसणं त्याला फार लागायचं.

गुड फ्रायडेला त्याच्या ध्यानात आलं, की आदल्या रात्रीपासून घंटा वाजलेलीच नाही. बिघडली असणार. त्याचे हात शिवशिवले. दुपारी सगळे आत उपासनेला बसल्यावर तो पान्हे आणि ग्रीसचा डबा घेऊन मनोऱ्यावर चढला. कप्पी खरंच गंजली होती, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. त्याने ती उघडली, घासली, ग्रीस भरलं. मग काम झाल्यावर कुठलाही मिस्त्री करतो तेच केलं. चालवून पाहिलं.

खाली वाचन येशूच्या मरणापर्यंत आलं होतं. तिथे सगळे गुडघे टेकून गप्प होतात. त्या शांततेत घंटा वाजली, आणि वर्षानुवर्षं वाजली नव्हती इतकी खणखणीत वाजली.

तो उतरला तेव्हा जिन्याशी बाई उभ्या होत्या. आत उपासना चालू होती, म्हणून आवाज दबका होता. धार मात्र नेहमीचीच.

"अक्कल गहाण टाकलीत का? गुरुवारच्या मिस्सापासून ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत घंटा मुकी असते. तिथे प्रभू क्रुसावर, आणि तुम्ही वरात काढताय? केस काय उन्हात पांढरे झाले?"

"मला वाटलं, बिघडली."

"वाटलं म्हणे. विचारायला तोंड नव्हतं? उद्या सकाळी या, सगळी बाकं पुसायचीत. आणि रात्री घंटा तुम्हीच वाजवायची, मी खूण केल्यावर. आधी ते हात धुवा, दाराला ग्रीस लागतंय."

"येतो, बाई."

हात धुऊन तो शेवटच्या बाकाकडे वळला, तर बाईंनी नजरेनेच त्याला पुढे बोलावलं. पुढच्या बाकावरचा सुतार सरकला आणि पुटपुटला, "बसा मिस्त्री. मागल्या वर्षी बोलणी खायची पाळी माझी होती."

मिस्त्रीने मान खाली घातली. बाप शरमला, असं मागे बसलेल्या मुलीला वाटलं. बायको गेल्यापासून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि गुड फ्रायडेला हसू नये एवढं तरी त्याला आता कळत होतं.