सभासद क्रमांक चार

"नियम तिसरा," मागच्या सीटवरून हिम्मतरावांनी मोठ्याने वाचलं. "आरसी बुकात ज्याचं नाव असेल तोच नव्या क्लबाचा सभासद. नियम चौथा. मासिक सभेत चहा आणि कॉफी दोन्ही. हे मात्र झकास केलं. या चहा-कॉफीपायी दोन महिने गेले आपले."

गाडी नागोराव चालवत होते. नल्लाकुंट्याच्या सिग्नलला त्यांनी गियर टाकला तो भलताच पडला आणि एकोणीसशे अठ्ठावन्न सालची ती काळी गाडी आचका देऊन बंद पडली. मागच्या ऑटोवाल्यांनी गिल्ला केला. नागोरावांच्या हातून गियर चुकला हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. हिम्मतरावांनी चष्म्यावरून पुढे पाहिलं आणि तब्येत ठीक आहे ना म्हणून विचारलं. ऊन फार आहे, एवढंच नागोराव म्हणाले आणि गाडी पुन्हा सुरू करून त्यांनी ती बरकतपुऱ्याकडे वळवली.

हिम्मतराव या मसुद्यावर सही करून परतत होते, आणि सही केल्यावर तो वाचत होते. सुलतान बाजारात चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलेल्या माणसाने असं करावं हे नवल खरं, पण त्या दिवशी ते फार खुशीत होते. गोष्टच खुशीची होती. ते साल होतं दोन हजार चौदा. नवं राज्य होऊन आठवडा झाला होता. कोणतं ऑफिस कुणाकडे, कोणती फाईल कुणाची, गाड्यांच्या पाट्यांवर आता कुठली अक्षरं, यावर चौकाचौकात वाद चालले होते. सगळा मुलूख वाटण्या करत असताना हैदराबाद शहरातले दोन जुन्या मोटारींचे क्लब मात्र एक व्हायला निघाले होते. त्याचं बरंच श्रेय नागोरावांचं. सहा महिने तेच दोन्हीकडे निरोप पोचवत होते, रुसलेल्यांना मनवत होते.

बरकतपुऱ्याचं मंडळ आठ गाड्यांचं, विद्यानगरचा क्लब नऊ गाड्यांचा. विद्यानगरवाले शिकलेसवरलेले. त्यांचे अध्यक्ष एकनाथराव कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक, आणि त्यांच्याकडे छापील नियमांचं पुस्तक. बरकतपुऱ्याकडे पुस्तक नव्हतं, एक रिवाज होता. मत हॉर्न वाजवून द्यायचं. जी गाडी आपल्या इंजिनावर मैदानात आली तिला एक हॉर्न. ढकलत आणलेल्या गाडीला मत नाही. जिची बॅटरीच बसलीय तिने कसलं मत द्यायचं, असा त्यामागचा विचार. एकनाथरावांना हा प्रकार आधी पोरकट वाटला, पण एकदा वाजवून पाहिल्यावर त्यांनी पुन्हा तक्रार केली नाही.

नागोरावांची गंमत अशी की त्यांच्याकडे गाडीच नव्हती. बस डेपोत अडतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. वडील भिवाजी मुखेडकडून आले आणि काचीगुड्याच्या मालधक्क्यावर हमाली करून त्यांनी मुलाला दहावीपर्यंत शिकवलं. सोळा वर्षांपूर्वी बरकतपुऱ्यातल्या तीन घरांत तीन गाड्या शेडमध्ये गंजत पडल्या होत्या. नागोरावांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन तिन्ही चालू केल्या आणि त्या आनंदात मंडळ निघालं. तीन मालक आणि चौथे नागोराव. सभासद क्रमांक चार.

ते तीन मालक आता थकले होते. हिम्मतरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, केशवरावांचा खुबा बदललेला, शिवाय कानांचाही भरवसा नाही. सत्यवतीबाईंची गाडी त्यांच्या यजमानांची, बाईंनी ती कधी चालवलीच नाही. म्हणून सभेच्या सकाळी नागोराव एक गाडी मालकासकट मैदानात पोचवत, ऑटोने परत येत, दुसरी नेत, मग तिसरी. मतदानाला मालक मागे बसून "दाबा" म्हणत आणि नागोराव हॉर्न दाबत. इतकी वर्षं हा माणूस गाडीतूनच येताना दिसायचा, त्यामुळे याची स्वतःची गाडी नाही ही गोष्ट सगळ्यांच्या डोक्यातून साफ निघून गेली होती.

घरी आल्यावर नागोरावांनी बायकोला, केसरबाईंना, नियम तिसरा सांगितला. केसरबाई भाकरी थापत होत्या.

"मंग सांगत का नाही त्यायला? ध्यानात नसंल आलं त्यायच्या."

"ही काय सांगून घ्यायची गोष्ट आहे? मागून मिळालं तर ते दिलेलं होतं."

"अन् नाही सांगितलं तर गेलेलं होतं," म्हणत केसरबाईंनी भाकरी तव्यावर टाकली.

नागोरावांना वाईट वाटलं होतं, फार वाईट. गाड्या काय, त्या दुरुस्त करायला कुणीही हाक मारून बोलावलंच असतं. पण डेपोत साहेब लोक बसायचे आणि ते उभे राहायचे. मंडळात त्यांना खुर्ची होती, सगळ्यांत बसून नाश्ता होता, आणि सुलतान बाजारातला मोठा दुकानदार त्यांना अहो-जाहो करत होता. सोळा वर्षांत याची त्यांना सवय झाली नव्हती. दर महिन्याला ते नव्याने सुखावत.

पुढच्या रविवारी विद्यानगरच्या शाळेच्या मैदानात सतरा गाड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. नागोरावांनी सहापासून तीन फेऱ्या मारल्या होत्या. इडली, उपमा, चहा, कॉफी सगळं होतं. एकनाथराव कागद घेऊन मधोमध उभे राहिले आणि एकेक नियम वाचू लागले. नाव कुणाचं आधी यावर दोन्हीकडून टोमणे झाले. शेवटी दोन्ही जुनी नावं सोडून 'हैदराबाद जुनी मोटार मंडळी' असं नाव ठरलं आणि सतरा हॉर्न असे वाजले की शेजारच्या गच्च्यांवर माणसं जमली.

मग नियम तिसरा. विद्यानगरचे नऊ हॉर्न वाजले. बरकतपुऱ्याच्या पाच जणांनीही मागेपुढे न पाहता वाजवले. हिम्मतराव मागच्या सीटवरून म्हणाले, "दाबा."

नागोरावांनी हॉर्न दाबला. उतरून ते सत्यवतीबाईंच्या गाडीत बसले. बाई शेजारच्या गच्चीवरच्या कुणाला तरी हात करत होत्या, तशाच त्या "दाबा" म्हणाल्या. नागोरावांनी दाबला. तिसऱ्या गाडीत केशवरावांनी काय चाललंय म्हणून विचारलं. नागोरावांनी त्यांच्या कानाशी वाकून नियम शब्दन् शब्द सांगितला. केशवरावांनी मान डोलावली आणि तोही हॉर्न वाजला. स्वतःला मंडळाबाहेर काढायची तीन मतं त्यांनी अशी स्वतःच्या हाताने दिली, आणि हॉर्न पूर्ण वाजवला, अर्धवट नाही.

मतदान आटोपल्यावर सगळे मांडवाखाली खुर्च्यांवर बसले. एकनाथराव नवं रजिस्टर घेऊन प्रत्येकाकडे जाऊ लागले. नाव, गाडीचा नंबर, सही. नागोरावांपाशी आल्यावर त्यांनी सहज विचारलं, "आणि तुमची यातली कोणती?"

नागोराव उठून उभे राहिले. "माझी गाडी नाही सर."

हिम्मतरावांच्या हातातली बशी तशीच राहिली. "नागोराव, असं काय म्हणता? तुम्ही क्रमांक चार."

"होतो. आता नियम झाला ना."

"अहो पण... तुमची गाडी नाही हे मला ठाऊक होतं हो. ठाऊक असून ध्यानातच नव्हतं." हिम्मतराव पुढे झुकले. "मग तुम्ही हॉर्न का दाबला?"

"तुम्ही दाबा म्हणालात. मत तुमचं होतं."

हिम्मतरावांनी बशी खाली ठेवली. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि ती त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होती. एकनाथराव माणूस चांगला. त्यांना वाटलं, मार्ग सोपा आहे. क्लबाचे अधिकृत मेकॅनिक म्हणून नागोरावांना नेमू, दरमहा मानधन देऊ, असं ते मनापासून म्हणाले.

"सर, अडतीस वर्षं पगार घेऊन गाड्या दुरुस्त केल्या," नागोराव म्हणाले. "रविवारचा पगार मी घेत नाही."

यावर सगळे आपापल्या बशीत पाहू लागले. सत्यवतीबाईंनी मात्र पदर खोचला. बाई एका शाळेच्या निवृत्त हेडमास्तरीण, आणि गप्प वर्ग त्यांना कधीच सहन होत नसे. मंजूर नियम त्याच दिवशी बदलायचा तर तुमचं पुस्तक काय सांगतं, असं त्यांनी एकनाथरावांना विचारलं. एकनाथरावांनी पानं उलटली. ज्याने नियमाच्या बाजूने मत दिलं त्यानेच तशी सूचना मांडावी आणि निम्म्याहून जास्त मतं पडावीत, असं पुस्तक सांगत होतं.

"मी दिलं होतं की बाजूने. न ऐकता दिलं, पण दिलं. लिहा. आरसी बुकात ज्याचं नाव, किंवा ज्याच्या हातून गाडी मैदानात आली, तो सभासद."

विद्यानगरच्या मंडळींत चुळबुळ झाली. त्यांच्यातले एक इंजिनियर होते, ते म्हणाले की असं केलं तर उद्या ज्याचा त्याचा ड्रायव्हर सभासद होऊन बसेल.

"बसू द्या हो," बाई म्हणाल्या. "चांगलं चालवणारा असला तर बसू द्या. आपल्याला तरी आता किती वर्षं गाडीत चढता येणार आहे?"

पुन्हा सगळे आपापल्या गाड्यांत गेले. बरकतपुऱ्याचे पाच हॉर्न लगेच वाजले. समोरून तीन वाजले, त्यांत एकनाथरावांचा होता. इंजिनियर हाताची घडी घालून बसले, बाकीचे त्यांच्याकडे पाहत राहिले. आठ झाले. नऊ हवे होते. सवयीने नागोराव काळ्या गाडीपर्यंत गेले, दारावर हात ठेवला आणि थांबले.

"दाबा की," मागून हिम्मतराव म्हणाले.

"यावर मी हॉर्न दाबणार नाही, हिम्मतराव. हे मत माझ्याचसाठी आहे. ते माझ्या हातून नको." आणि ते मांडवात जाऊन उभे राहिले.

तेव्हा कुठे त्या तिघांच्या लक्षात आलं की हॉर्न पुढे आहे आणि आपण मागे आहोत. हिम्मतराव दार उघडून उतरले. आधी एक पाय, मग काठी, मग दुसरा पाय. गाडीला धरत धरत पुढे आले आणि अकरा वर्षांनी आपल्याच गाडीच्या स्टिअरिंगमागे बसले. हाताने चाचपून त्यांनी आधी दिव्याचं बटण दाबलं, मग वायपर लावला, आणि समोरचे लोक हसायला लागले तसे स्वतःही हसायला लागले. मग हॉर्न सापडला. तो त्यांनी लहान मुलासारखा तीनदा वाजवला.

"एकच मोजणार," एकनाथराव ओरडले, पण तेही हसत होते.

केशवरावांना दोघांनी धरून पुढे बसवलं. आपला हॉर्न त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणून वाजला का वाजला का असं ते खिडकीतून विचारत राहिले. समोरच्या बाजूनेही मग एकेक हॉर्न वाजू लागला. शेवटी घडी सोडून इंजिनियरांनीही आपला वाजवून टाकला आणि इकडेतिकडे पाहिलं.

सत्यवतीबाई सर्वांत शेवटी. नऊवारी सावरून त्या स्टिअरिंगमागे बसल्या तेव्हा त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं आणि त्या जागेवर त्या जन्मात पहिल्यांदाच बसत होत्या. क्षणभर त्यांनी दोन्ही हात चाकावर नुसते फिरवले. मग अंगातला सगळा जोर काढून हॉर्न दाबला.

हॉर्न वाजला. बाईंनी हात काढला, तरी तो वाजतच राहिला. बटण आत अडकून बसलं होतं. बाई कानांवर हात ठेवून खदखदा हसू लागल्या. एकनाथराव पुस्तक सोडून धावले, इंजिनियरांनी बॉनेट उघडलं आणि आत कुठली वायर काढायची यावर दोन्ही क्लबांत तिथल्या तिथे वाद पेटला. गच्चीवरची पोरं टाळ्या पिटत होती. हिम्मतराव स्टिअरिंगमागून ओरडले, "नागोराव! अहो नागोराव, या लवकर!"

मांडवात नागोराव पुन्हा आपल्या खुर्चीवर बसले होते. रजिस्टर त्यांनी समोर ओढून घेतलं होतं. गाडीच्या नंबराचा रकाना मोकळा सोडून ते आपलं नाव लिहीत होते. नागोराव भिवाजी सोनकांबळे, सगळंच्या सगळं, एकेक अक्षर जागेवर. हाक ऐकून त्यांनी मान वर केली नाही. नुसता डावा हात उचलून सगळ्यांना थांबायची खूण केली आणि उजव्या हाताने सही पुरी केली.