लाल झालेला तळहात

आरोग्य केंद्राच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. लसीकरणाला आलेल्या आया मुलांना छातीशी धरून भिंतीला चिकटल्या होत्या. मधोमध टेबल, त्यावर हळदीच्या पाण्याचा वाडगा आणि त्यामागे गावात अंगाऱ्याची राख वाटणारे महाराज.

कोणत्या कर्मचाऱ्याला काय येतं, कोणाला कसलं प्रशिक्षण हवं, ते तपासून कळवा, असा वरून हुकूम होता. मोठ्या डॉक्टरांना एकेका परिचारिकेचं काम बघत बसायला सवड नव्हती. महाराज म्हणाले, "मी तळहातावरून सांगतो." डॉक्टरांनी मान डोलावली.

"पिवळा तो जीवनहस्त! लाल तो मृत्युहस्त! विज्ञानसुद्धा माझ्याकडे शिकायला येतं!" महाराज गरजले. विज्ञान बहुधा रांगेत मागे उभं असावं. मला तरी दिसलं नाही.

ते पाणी चोळल्यावर चार-पाच परिचारिकांचे हात पिवळे निघाले. मग माझ्या सूनबाईला बोलावलं; तिचा डबा द्यायला मी आलो होतो. ती लस टोचत होती. सवयीप्रमाणे नळावर हात धुऊन, तशीच घाईने आली. महाराजांनी पाणी चोळलं आणि तिचा तळहात रक्तासारखा लाल झाला.

"अगं बाई! हिनंच आत्ता माझ्या बाळाला सुई टोचली!" एक आई किंचाळली. कोणीतरी दाराला कडी घातली. कोणीतरी स्टूल उचललं.

"बाबा, मी काही केलं नाही हो," सूनबाई माझ्याकडे बघत म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

माझा जन्म पुस्तकांत गेला. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. साबणाने हळद लाल होते, हे मी वाचलं होतं. करून कधी पाहिलं नव्हतं. आणि नाही झाली तर? हे लोक तिला जिवंत सोडणार नाहीत. मी नळावरचा साबण उचलला.

"म... महाराज, आपण साबणाने हात धुऊन बघता का?"

"म्हातारबुवा, समुद्राला आंघोळ घालायला निघालात?"

लोक हसले. तेवढ्यात सुनेची मैत्रीण, पिवळ्या हाताची परिचारिका, पुढे आली. "काका, माझा हात घ्या."

मी ओला साबण तिच्या तळहातावर फिरवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिचा जीवनहस्त लालभडक झाला.

महाराज वाडगा उचलायला धावले. मैत्रिणीने तो घट्ट धरला. "माझी ही मैत्रीण बाळाच्या नाळेला तुमची राख लावू देत नाही, म्हणून तिच्यावर डाव! ती साबणाने हात धुतल्याशिवाय येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं!"

स्टूल खाली आलं. कडी निघाली. महाराज आधी निघाले.

मैत्रीण मात्र हाताकडे बघत राहिली. "काका, मघाशी माझा पिवळाच राहिला... मी साबण लावलाच नव्हता. सकाळपासून."

 बाकीच्या पिवळ्या हाताच्या परिचारिकांनी एकेक करून आपापला हात पदराआड नेला. माझी भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली; सुनेवरून ती टोचलेल्या बाळांवर गेली.

मोठे डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "चला, नळावर. एकेकीनं धुऊन दाखवा. मी बघतो."

पहिली सूनबाईच गेली. "साबण राहतोय बोटांच्या बेचक्यांत," डॉक्टर म्हणाले. "अजून पाण्याखाली चोळून धुवा." तिने पुन्हा धुतले.

वाचकहो, रंग काही सांगत नाही, लालही नाही आणि पिवळाही नाही; साबण नीट निघालेला हातही पिवळाच राहतो. कोणाला काय येतं, हे त्याला ते करायला लावून, शेजारी उभं राहून बघावं लागतं. आणि येत नसेल तर न रागावता शिकवावं लागतं. तुमच्या बाळाला टोचायला येणारीला बेधडक विचारा, "ताई, हात धुतलेत का?"