ड्रमर गमरे

"दोन पाय असून नसल्यासारखा वाजवतो तुझा तो चार्ली वॉट्स," प्रमोद शिवलकरने चहाचा कप स्पीकरच्या खोक्यावर ठेवत निकाल दिला. "बॉनम बघ मेल्या. एका पायानं काय काम करतो. ऐकताना गोडाऊनची कौलं हलतात."

"कौलं हलवायला माकडं पुरतात," राजेंद्र गमरे म्हणाला. "त्यासाठी ड्रमर कशाला हवा?"

रविवारची सकाळ, मिरकरवाड्यातलं प्रमोदचं गोडाऊन आणि जगातला सर्वांत थोर रॉक ड्रमर कोण हा वाद. हे तिन्ही कॉलेजपासून तसेच चालत आले होते. प्रमोदचा थोरला भाऊ बोटीवर कामाला होता. तो सुट्टीवर येताना परदेशी कॅसेटी आणायचा, त्या ऐकून या दोघांना ही बाधा झाली. पुढे प्रमोदने साऊंड सर्व्हिस काढली. नाखव्याच्या घरात जन्मून पठ्ठ्याला होडी लागायची, त्यामुळे बापाच्या ट्रॉलरचा आणि त्याचा संबंध किनाऱ्यापुरताच राहिला. राजेंद्र बांधकाम खात्यात कारकून म्हणून चिकटला आणि आता वरिष्ठ कारकून म्हणून सुटणार होता. रत्नागिरीत या विषयावर भांडायला दुसरं कोणी मिळत नाही, म्हणून दोघांनी एकमेकांना जपलं होतं.

"तू ऐकत नाहीस नीट," राजेंद्र म्हणाला. "मधला ठोका मारताना चार्ली उजवा हात झांजेवरनं उचलतो. तिथं सगळे मारतात, हा मारत नाय. त्या रिकाम्या जागेवर अख्खं गाणं उभं असतं."

"न मारणारा थोर, असंच ना? मग सगळ्यांत थोर तूच. जन्मात एक ठोका मारला नाहीस."

राजेंद्र हसला नाही. गोडाऊनच्या कोपऱ्यात भाड्याने जाणारा ड्रमसेट ताडपत्रीखाली उभा होता. प्रमोदने आजवर तीन सेट बदलले, पण राजेंद्रने एकाचीही काठी हातात घेतली नव्हती. मांडीवर मात्र त्याची बोटं सतत चालायची. कचेरीत टेबलावर, घरी डब्याच्या झाकणावर चालायची. त्याच्या पत्नी शालनवहिनी जेवताना झाकण काढून घ्यायच्या तेव्हा कुठे आमटी गार व्हायची थांबायची.

"पुढच्या रविवारी तुझा निरोप समारंभ," प्रमोद म्हणाला. "साऊंड माझा, म्हणजे सेट पण स्टेजवर असणार. बसायचं. एक गाणं. नायतर पुढं माझ्याशी चार्लीचं नाव काढायचं नाय. होडीवर न चढता नाखव्याला अक्कल शिकवतोस तू."

"बाबा येणार आहेत," राजेंद्र एवढंच म्हणाला आणि उठला.

प्रमोदला वाटलं, माणूस लाजतोय. साठीला आलेला माणूस बापासमोर लाजतो याचं त्याला कौतुकही वाटलं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते राजेंद्रने इतक्या वर्षांत आपल्या या एकुलत्या एक वैऱ्याला सांगितलं नव्हतं.

राजेंद्रचं गाव संगमेश्वरच्या पुढे, नदीच्या अंगाला. शिमग्यात पालखी निघाली की तिच्यापुढे ढोल वाजवणं हे त्याच्या वाडीचं ठरलेलं काम होतं. वाजवायचं का, असं कोणी विचारायचं नाही. वाजवायचं असायचं. त्याचे वडील काशीराम त्या वेळी मिसरूड फुटायच्या वयाचे होते आणि पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं. छप्पन साली धर्मांतर झालं. वाडीने बुद्धाला वंदन केलं आणि ठरवलं की गावकीची ही कामं बंद. पुढच्या शिमग्याला पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या विसाव्याच्या चौथऱ्यावर आली, तेव्हा काशीराम गळ्यात ढोल घेऊन गेले. सगळ्यांना वाटलं, पोरगा नमला. त्यांनी ढोल गळ्यातून काढला, चौथऱ्याच्या कडेला नीट ठेवला आणि मानकऱ्यांकडे पाठ करून घरी चालते झाले. माणसं पालखी खांद्यावर घेऊन उभी राहिली आणि पाय कुणाचेच उचलेनात.

मग वर्षभर वाडीला विहीर बंद झाली, दुकान बंद झालं. काशीराम चालत तालुक्याला जाऊन शिकले आणि मास्तर झाले. ही हकिगत त्यांनी घरात कधी सांगितली नाही. वाडी सांगायची, छाती पुढे काढून सांगायची. राजेंद्र लहानपणी एकदा पडवीत तेलाचा डबा बडवत बसला होता, तेव्हा आईने, यमुनाबाईने, येऊन त्याचे दोन्ही हात धरले. "बाबांनी काय टाकलानी ता तुला म्हायत न्हाय? त्यांनी ऐकला तर काय वाटंल त्यांना?" त्या दिवसापासून राजेंद्रने हात आवरले. कोणी मारलं नाही, ओरडलं नाही. बापाचा अभिमान वाटायचा म्हणूनच आवरले. ड्रम आवडतात हे कळल्यावर त्याने त्यावर बोलायचं ठरवलं, कारण बोलायला कोणी बंदी घातली नव्हती.

समारंभाच्या दिवशी राजेंद्र पाहुण्यांत अडकलेला, म्हणून काशीराम गुरुजींना आणायला प्रमोद स्वतः टेम्पो घेऊन गेला. गुरुजींचं आवरेपर्यंत तो गावातल्या टपरीवर चहा प्यायला थांबला. तिथे मानकऱ्यांच्या घरचे सखाराम बसले होते, गुरुजींच्याच वयाचे. कुणाकडे आलास, म्हणून त्यांनी विचारलं.

"काशीराम? त्याचा ढोल ऐकलाय मी," सखाराम म्हणाले. "पालखी हलकी व्हायची रे खांद्यावर. तसा हात पुन्यांदा झाला न्हाय." आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. पुढची गोष्ट त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी नव्हती.

प्रमोदला मात्र आभाळ ठेंगणं झालं. राजाचा बाप ढोल वाजवायचा, आणि राजा हे आपल्याला बोलला नाही. येताना गुरुजी शेजारी बसले होते, पण त्यांना काही विचारून मजा घालवायची नाही, असं त्याने ठरवलं. समुद्राकाठच्या माणसाला वरच्या गावांतल्या या गोष्टी कोण सांगणार? रत्नागिरीत पोचल्यावर गुरुजींना हॉलवर सोडून तो थेट गोडाऊनला गेला. बेंजो पार्टीला भाड्याने द्यायचा मोठा ढोल त्याने पुसला, त्याला झेंडूचा हार घातला आणि टेम्पोत घातला.

हॉल भरला होता. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना फुलं वाहून झाली, पंचशील झालं. कचेरीतल्या साहेबांनी गमरे कधी उशिरा आले नाहीत असं सांगितलं. वक्ते बदलले तरी हे वाक्य बदललं नाही. मागे ड्रमसेट उभा होता आणि राजेंद्र त्याच्याकडे पाठ करून खुर्चीत बसला होता. मग गुरुजींचा सत्कार जाहीर झाला. त्यांना शाल दिली, पुस्तक दिलं. आणि माईक प्रमोदने घेतला.

"आमचा राजा जगातल्या सगळ्या ड्रमरांवर बोलतो," तो म्हणाला. "पण सगळ्यांत मोठा वाजवणारा त्याच्या घरात हाय, हे त्यानं लपवलं. गुरुजी, हा आमच्याकडनं मान." आणि त्याने हार घातलेला ढोल गुरुजींच्या पुढ्यात आणून ठेवला.

पुढच्या रांगांत वाडीची माणसं होती, बौद्धजन पंचायतीची माणसं होती. तिथली कुजबुज एकदम बंद झाली. वाडीतली एक म्हातारी उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. प्रमोद टाळ्यांची वाट बघत होता. टाळ्या येईनात तेव्हा त्याने राजेंद्रकडे पाहिलं, आणि त्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की आपण काहीतरी फार वाईट केलंय. काय, ते कळलं नाही.

राजेंद्र उठून मध्ये आला. "बाबा, त्याला ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नाय त्याला."

"मग सांगायला हवा व्हता," गुरुजी म्हणाले. त्यांनी हात पुढे करून प्रमोदकडून माईक मागून घेतला. आवाज मास्तरचा होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "शिवलकर, तुम्ही चांगल्या मनानं आणलात. पण हा मी सहाणेवर ठेवलाय. शिमग्यात, पालखीपुढं, सगळ्या गावादेखत. तो परत उचलायचा नाही. मला वाजवता येत नव्हतं म्हणून ठेवला नाही. चांगला येत होता. पण वाजव म्हणून हुकूम व्हायचा, आणि मला हुकमानं वाजवायचं नव्हतं."

पुढच्या रांगेतून कोणीतरी "जय भीम" म्हणालं आणि मग सगळा हॉल म्हणाला. म्हातारी खाली बसली. प्रमोदने ढोल उचलून बाजूला नेला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

"गुरुजी, चुकलं माझं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही वाजवलात तर राजा पण वाजवील. एवढं ठाऊक असून काठीला शिवत नाय तो."

गुरुजींनी मुलाकडे पाहिलं. "का शिवत न्हायस?"

माईक अजून चालू होता. राजेंद्रला वाटलं, बंद करावा. मग त्याने तो राहू दिला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"मी सांगितला तुला तसा?"

"आई म्हणायची."

"मी विचारतोय, मी सांगितला?"

"नाय."

गुरुजींनी माईक दुसऱ्या हातात घेतला. मुलाचं अख्खं आयुष्य त्यांना त्या दोन अक्षरांत ऐकू आलं असावं. बोलले तेव्हा आवाज मास्तरचा उरला नव्हता. "राजू, वाजव म्हणून सांगणारे मला नको झाले, म्हणून मी ढोल टाकला. तुला वाजवू नको म्हणून सांगणारा मी कोण? तो पण हुकूमच झाला की. तुला वाजवायचाय?"

राजेंद्रने मानेनेच हो म्हटलं.

"मग बस."

तो सेटमागे बसला. काठ्या कशा धरायच्या हे त्याला हजार वेळा पाहून पाठ होतं, तरी पहिली काठी निसटून स्टेजवर घरंगळली. शालनवहिनींनी ती उचलून दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वाजवण्याला हरकत घेतली नाही. प्रमोदने मोबाइलवरून स्पीकरला एक गाणं लावलं. बॉनमचं नव्हे, चार्लीचं लावलं. एवढी माणुसकी त्याच्यात होती.

सुरुवातीला सगळं विस्कटलं. पाय एकीकडे, हात एकीकडे. कचेरीतली तरुण मंडळी ओठ चावून बसली होती. मग कुठेतरी पाय लागला आणि मग सुटला नाही. साधा ठेका होता, फार साधा. पण मधल्या ठोक्याला त्याचा उजवा हात झांजेवरून वर उचलला जात होता, आणि ते त्या हॉलमध्ये दोघांनाच दिसलं. एक प्रमोद. दुसरे गुरुजी, ज्यांना चार्ली कोण हे ठाऊकही नव्हतं. वाडीची माणसं टाळी धरून बसली होती. गमरे गुरुजींचा मुलगा वाजवत होता, कोणाच्या सांगण्याने नव्हे. पुढच्या रांगेतल्या म्हातारीला हे नेमकं उमगलं असावं, कारण तिने पदर डोळ्यांना लावला होता आणि मान ताठ ठेवली होती.

दुपारी जेवणं उरकून गुरुजींना सोडायला टेम्पो निघाला. पुढे तिघं दाटीवाटीने बसले होते, मागे स्पीकर आणि त्यांच्यामध्ये तो ढोल होता. हार प्रमोदने कधीच काढून टाकला होता. हातखंब्याला गाडी हायवेला लागली.

"तुमचा दर रविवारी वाद चालतो म्हणे," गुरुजी म्हणाले. "कशावर?"

"जगातला सगळ्यात मोठा ड्रमर कोण, त्यावर," प्रमोद म्हणाला.

"ठरला?"

"नाय गुरुजी. चाळीस वर्षं झाली. हा ऐकत नाय."

"आज ठरलं," राजेंद्र म्हणाला. "मी माझं मत बदललं. माझ्या मते बाबा."

प्रमोदने गाडीचा वेग कमी केला आणि वादाला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी गुरुजी बोलले.

गुरुजींना ते मान्य नव्हतं. "तू मला कधी ऐकलंस? न ऐकता मत द्यायचं नाही. वर्गात असतास तर गुण कापले असते." एवढं बोलून ते खिडकीतून बाहेर बघत बसले. संगमेश्वर मागे पडलं. गावाचा फाटा आला, कातळातली वाट आली. घर दिसायला लागलं तेव्हा ते बाहेर बघतच म्हणाले, "डावा हात तुझा घाईत जातो."

राजेंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"ठोक्याच्या जरासा आधी पडतो. मन पुढं पळतं म्हणून होतं तसं. माझा पण पडायचा." त्यांनी शाल नीट घडी करून मांडीवर ठेवली आणि मुलाचा डावा हात उचलून तिच्यावर टेकवला. मग स्वतःचा हात त्यावर ठेवून त्यांनी तो जरा वेळ दाबून धरला, आणि नेमका जेव्हा सोडायला हवा तेव्हा सोडला.