पांढरीवरची जागा

घराच्या धाब्यावर ओतलेल्या तीन टोपल्या पांढरी माती.

करंगळीच्या पेराएवढं हाड.

निळा फलक : संरक्षित टेकडी. माती नेणे गुन्हा आहे.

पहूरहून निघालेली सरकारी जीप.

लोटन धाब्यावर उकिडवा बसला होता. टेकडीचा चौकीदार तो, आणि माती त्याच्याच बायकोने आणलेली. आखाजीचा सण झाला की पावसाआधी मातीच्या छपरावर टेकडीची पांढरी पसरायची, हे भागाबाईला सासूने शिकवलेलं. फलक नंतर आला.

"कोनं हाड शे हाई?" भागाबाईने विचारलं. "आपली रूपानं ते नही ना?"

"चूप ऱ्हाय."

"तुम्हीच गयथात तिले लीसन."

त्यांची मुलगी रूपा आठ दिवसांची असताना गेली होती. लोटनने तिला टेकडीवरच कुठेतरी पुरलं होतं.

नोकरी जाईल ही भीती सकाळची. आताची भीती त्या हाडाची होती.

पुरातत्त्व खात्याच्या चेलना मॅडम शिडी चढून आल्या.

"मॅडम, माती मी आणली," लोटन म्हणाला.

"खोटं बोली ऱ्हायनात! मी लई उनू!"

"आधी दोघं ठरवा," मॅडम म्हणाल्या. मग गुडघ्यावर बसल्या. हाड एका लाल खापराला आतून चिकटलेलं होतं. खापरावर काळ्या रेघा. "बाळ आहे. मडक्यात ठेवून पुरलेलं. तीन हजार वर्षं झाली असतील."

भागाबाई वाकून खापर बघू लागली. "मंग आपली नही."

"माती परत नेऊन ठेवा. रिपोर्ट मला लिहावाच लागेल, लोटनभाऊ. आणि दिवाळीनंतर टेकडी खोदायची आहे."

"बठ्ठी?" लोटनने विचारलं.

"सगळी. पण अलीकडे कुणी पुरलेलं असेल तर जागा दाखवा. तेवढी सोडू. नंतर सांगून उपयोग नाही."

टेकडीवर मॅडमच्या हातात चार खुंट्या आणि दोरी. लोटन पुढे. बाभळीपाशी थांबला. दहा पावलं सरकला. परत आला.

"इथे?"

त्याने मान हलवली. हो की नाही, मॅडमना कळलं नाही.

"सांगा ना ओ," मागून भागाबाई म्हणाली. "तुम्हले ते माहीत शे."

लोटनने पाय उचलला, पण टेकवायला त्याला जागा सापडेना.

खूण ठेवली तर आई रोज तिथे जाऊन बसते, असं सगळे म्हणत. म्हणून रूपाला पुरल्यावर लोटनने वरची माती बाभळीच्या फांदीने सपाट केली होती.