डाव्या चाकाचं दुखणं

पंक्चरवाल्या रामूनं चाक खोलून जमिनीवर आडवं टाकलं आणि म्हणाला, "अक्का, जरा वाकून बघा."

श्यामलाबाई वाकल्या. पाचच महिन्यांपूर्वी घातलेलं टायर. बाहेरच्या बाजूला नक्षी अजून खोल, कोरी करकरीत. आतल्या कडेला मात्र, जिकडं उभ्या माणसाची नजर कधी जात नाही तिकडं, रबर घासून तुळतुळीत झालं होतं. एका जागी तर तारा बाहेर डोकावत होत्या.

"पंक्चरचं काम नाही हे. टायरच गेलं. नशीब म्हणा, वेगात असताना फुटलं नाही."

गाडीत पुढच्या डाव्या सीटवर वादिराज बसले होते. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली, चाकाकडं पाहिलं आणि जोरानं म्हणाले, "गुरुवार!"

"होय हो, निघूच आता," श्यामलाबाई म्हणाल्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं नव्हतं, पण काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं.

वादिराज सरकारी बसच्या डेपोत चौतीस वर्षं होते. फोरमन म्हणून निवृत्त झाले. बस फाटकातून आत शिरतानाच तिचं काय बिघडलंय ते सांगायचे, असं त्यांच्या हाताखालची माणसं अजून सांगतात. निवृत्तीला दीड वर्ष होतंय तोवर एका सकाळी दाढी करताना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. म्हणजे समजायचं सगळं. पण बोलायला जावं तर हवा तो शब्द निसटायचा आणि भलताच हाती लागायचा. चष्मा हवा असला की 'कुलूप' म्हणायचे. पाणी हवं असलं की 'मामा'. आधी दोघं हसायची. पुढं पुढं वादिराज हसेनासे झाले आणि मग फारसं बोलेनासेच झाले.

श्यामलाबाईंनी हायस्कूलमधली गणिताची नोकरी मुदतीआधी सोडली. नवनगरातल्या घरापासून केशवापूरला व्यायामोपचारासाठी आठवड्यातून तीन वेळा जावं लागे. एकदा रिक्षा करून पाहिली, तर वादिराजांना आत बसवायला दोन माणसं लागली आणि उतरवायला तीन. घरात दहा वर्षांची लहान पांढरी गाडी उभीच होती. छप्पन्नाव्या वर्षी श्यामलाबाई गाडी शिकल्या. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या, दुसऱ्यांदा पास झाल्या आणि तेव्हापासून हुबळीच्या रस्त्यावर कुणाच्या बापाला भ्यायल्या नाहीत.

आता मात्र मनात शंकेची पाल चुकचुकली.

संध्याकाळी वादिराजांचे धाकटे भाऊ गुरुराज आले. चहा घेतला, टायरची हकीकत ऐकली आणि कप खाली ठेवत म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. पाच महिन्यांत टायर खाल्लं म्हणजे चालवण्यातच काहीतरी आहे. खड्डा दिसला तरी तुम्ही घालत असणार. फूटपाथला घासत असणार."

"एकदा घासलं होतं भाऊजी. केशवापुरात. एकदाच."

"तेच ना. मी म्हणतो, काढून टाका गाडी. या वयात कशाला हा व्याप? मी ओळखीचा रिक्षावाला बघून देतो."

गुरुराजांच्या मनात वाईट काही नव्हतं. भावाच्या काळजीनंच बोलत होते. म्हणूनच ते जास्त लागलं. श्यामलाबाईंनी रिकामे कप उचलले. कोपऱ्यातल्या खुर्चीत वादिराज डावा हात हवेत झाडत होते. नको, नको. पण कशाला नको, ते कोण विचारणार?

दुसऱ्या दिवशी श्यामलाबाईंनी पुढची दोन्ही टायरं नवी घातली आणि मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या, काचबंद टायर-दुकानात जाऊन चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. चाकांना यंत्रं लावली, पडद्यावर आकडे उमटले. कोनाचे अंश आणि मिनिटं! श्यामलाबाईंचा जीव त्या आकड्यांत रमला. चाक अंशाच्या एवढ्याशा भागानं तिरकं असलं तरी ते रस्त्यावरून नुसतं फिरत नाही, थोडं घसटतही जातं. मैलोन्मैल घसटलं की एकच कड झिजते. किती साधी गोष्ट. तिथल्या माणसानं गाडीखाली पान्यानं काहीतरी पिळलं, लाल आकडे हिरवे झाले, छापील कागद हातात आला.

"आता बघायला नको, मॅडम."

पंधरा दिवस बघावं लागलं नाही. सोळाव्या दिवशी उणकलच्या पुढं स्टिअरिंग हलकेच डावीकडं ओढू लागलं. श्यामलाबाईंनी घरी आल्यावर अंगणात पोतं अंथरलं, त्यावर गुडघे टेकले आणि डाव्या चाकाच्या आतल्या कडेवरून हात फिरवला. एकीकडून फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर बोटांना करवतीसारखं अडत होतं. झीज सुरू झाली होती.

त्या तशाच पोत्यावर बसून राहिल्या. यंत्र खोटं बोललं नव्हतं, कागद समोर होता. म्हणजे मग आपलाच हात वाईट. गुरुराज भाऊजी म्हणतात तेच खरं.

आणखी एक गोष्ट त्यांना छळत होती. गाडी गतिरोधकावर चढली की वादिराज सीटवर चुळबुळत, गुडघ्यावर थाप मारत आणि म्हणत, "वडा." श्यामलाबाईंना वाटे, धक्का बसतोय. त्यांनी पाठीमागं उशी दिली. वादिराजांनी ती काढून मागं फेकली. पुन्हा गतिरोधक, पुन्हा "वडा!"

गाडी अशी ओढू लागल्यावर चार दिवसांनी, केशवापूरहून परतताना, त्यांनी एका हॉटेलसमोर गाडी लावली. म्हटलं, महिनाभर माणूस वडा वडा करतंय, खाऊ दे की एकदा. गरम उद्दिनवडे, म्हणजे आपले मेदूवडे, कागदात बांधून आणले आणि त्यांच्या हातात ठेवले.

वादिराजांचा चेहरा लाल झाला. "नको! नको!" त्यांनी कागद ढकलला. एक वडा पायापाशी पडला.

"मग काय हवंय हो तुम्हाला?" श्यामलाबाईंचा आवाज चढला. "मी काय करू म्हणता? गाडी नीट चालवता येत नाही, तुमचं बोलणं कळत नाही. मी तरी काय काय करू?"

असं त्या कधी बोलल्या नव्हत्या. बाजूनं 'चिगरी' नावाची शहरबस सळसळत निघून गेली.

मग वादिराजांनी डाव्या हातानं कागदातला एक वडा उचलला. खाल्ला नाही. त्याच्या मधल्या भोकात अंगठा घातला. अंगठा हलवला तसा वडा अंगठ्यावर सैल, वेडावाकडा डुलू लागला. त्यांनी बायकोकडं पाहिलं. मग पायाखालच्या पत्र्याकडं, डाव्या चाकाच्या बाजूला बोट केलं आणि सावकाश म्हणाले, "टक्."

वडा डुलला. "टक्."

श्यामलाबाई बघत राहिल्या. तीस वर्षं त्यांनी मुलांची चुकलेली उत्तरं तपासली होती. उत्तर चुकलं तरी रीत कुठवर बरोबर आहे, ते बघायची सवय हाताला होती.

"गाडीचं सांगताय?"

"हो."

"गाडीखाली असं काहीतरी आहे. गोल. मधे भोक असलेलं."

"हो! हो!"

"आणि ते सैल झालंय. हलतंय."

वादिराजांनी डोळे मिटून घेतले आणि मान सीटला टेकवली. बऱ्याच दिवसांनी घरी पोचलेल्या माणसासारखी.

त्या दिवशी श्यामलाबाई त्या काचबंद दुकानाकडं वळल्याच नाहीत. उणकलच्या अलीकडं आतल्या गल्लीत मारुती नावाच्या मेकॅनिकचं गॅरेज होतं. पन्नाशीचा गडी, मूळचा निपाणीकडचा, मराठीत कन्नड आणि कन्नडात मराठी बोलणारा. अलाइनमेंटचं यंत्र त्याच्याकडंही होतं, जुनं पण चालतं.

"बर्री अक्का, या. अलाइनमेंट काय?"

"अलाइनमेंट नंतर. आधी गाडीखाली बघा. डाव्या बाजूला. उद्दिनवड्यासारखं काहीतरी सैल झालंय."

मारुतीला हसू फुटलं. "वडा? गाडीत?" आणि हसता हसताच तो थांबला. "बुश! अक्का, लोअर आर्मचा बुश म्हणताय तुम्ही?"

खिडकीतून वादिराजांनी दारावर थाड् थाड् थापा मारल्या. "हो! हो! हो!"

गाडी वर चढवली. मारुतीनं एक लांब पहार अडकवून चाकामागचा लोखंडी हात जरा रेटला. हात सरकला. टक्. तो पुन्हा रेटला. पुन्हा टक्. तासाभरात त्यानं तो हात खोलून, दाबयंत्रात घालून बुश बाहेर काढला आणि तळहातावर घेऊन आला. रबराचं जाड कडं, मधे भोक, आणि एका बाजूला असं फाटलेलं की बोट आरपार जावं.

"बघा अक्का. हे रबर चाकाच्या हाताला जागेवर धरतं. फाटलं की गाडी उभी असताना सगळं ठीक दिसतं, मशीन हिरवं दाखवतं. ब्रेक दाबला, खड्डा आला, की चाक आपल्या मनानं तिरकं होतं. मग टायर खाणारच. तुमच्या चालवण्याचा काय संबंध नाही."

"काही संबंध नाही?"

"कुणी चालवली असती तरी खाल्लं असतं."

श्यामलाबाईंनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि ग्रीस उडालं असं म्हणाल्या.

"पण तुम्हाला कसं कळलं अक्का?"

"मला कुठलं कळतंय? हे डेपोत फोरमन होते. हे सांगत होते महिनाभर. मलाच ऐकू येत नव्हतं."

मारुतीनं हात फडक्याला पुसले, खुर्ची आणली आणि वादिराजांना आधार देऊन यंत्राजवळ बसवलं. "कूडरी सर, बसा. तुमच्यासमोर करतो. चुकलं तर सांगा."

वादिराज बसले. दोन्ही बाजूंना नवे बुश घातले. मग मारुती चाकांना यंत्र लावायला निघाला, तर वादिराजांनी हात आडवा केला. टायरकडं बोट दाखवून गाल फुगवले.

"हवा! हौद्री सर, बरोबर, आधी हवा." मारुतीनं हवा तपासली. एका टायरात खरंच कमी निघाली. ती सारखी करून, स्टिअरिंग मधोमध बांधून त्यानं आकडे जुळवायला घेतले. वादिराज पडद्याकडं बघत होते आणि डाव्या हाताचं बोट हवेत अगदी थोडं, केसभर फिरवत होते. अजून. अजून. बस्स. मारुती त्या बोटाबरहुकूम पाना फिरवत होता.

निघताना तो श्यामलाबाईंना म्हणाला, "अक्का, शनिवारी वेळ असला तर सरांना घेऊन या. एक शाळेची व्हॅन आहे, दोन महिने झाले, आवाज सापडत नाही मला."

शनिवारी दोघं गेली. व्हॅनचा आवाज वादिराजांना दहा मिनिटांत सापडला. सांगायला पाऊण तास लागला, पण मारुतीला घाई नव्हती. मग दर शनिवारीच जाऊ लागली. केशवापुरात वादिराजांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंना श्यामलाबाईंनी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, फळांची आणि प्राण्यांची चित्रं ठेवून द्या, यांना गाडीच्या भागांची, अवजारांची नावं विचारा. जॅक, नट, स्प्रिंग. चौतीस वर्षं तोंडात खेळलेले शब्द होते. त्यांतले काही जागचे हलून ओठांवर आले, काही नाही.

तीन महिन्यांनी गुरुराज आले. श्यामलाबाईंनी त्यांना अंगणात नेलं, चाक पूर्ण वळवून आतली कड दाखवली. नक्षी दोन्हीकडं सारखी होती. गुरुराजांनी बोटानं चाचपून पाहिलं.

"वहिनी, मी उगीच बोललो."

"असू दे भाऊजी. तुमचीही गाडी एकदा मारुतीला दाखवा. येताना कुईं वाजत होती."

मे महिन्यात त्या वादिराजांना घेऊन बेळगावला बहिणीकडं निघाल्या. पहाटे थंड हवेत निघाल्या. कित्तूर मागं पडेतो ऊन वर आलं. रस्ता सपाट लागला तसे श्यामलाबाईंनी स्टिअरिंगवरचे हात सैल केले, नुसती बोटं टेकवून ठेवली. गाडी नाकासमोर चालली होती.

शेजारी वादिराज दिसेल त्याचं नाव घेत होते. "टँकर." बरोबर. "पूल." बरोबर. पुढं एक म्हैस रस्त्यात आडवी आली.

"पोस्टमन," वादिराज म्हणाले.

श्यामलाबाईंनी हॉर्न दिला. म्हैस हलली नाही.

"नाही... नाही," वादिराज स्वतःशीच पुटपुटले, कपाळाला आठी घातली, ओठ दोनदा जुळवले. श्यामलाबाईंनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि वाट बघत बसल्या. मागं कुणी नव्हतं.